डावीकडचा आवाज

ऑपरेटरबाईंचे कान तिखट, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली होती. डाव्या कानाला हेडफोन, समोर लुकलुकणाऱ्या दिव्यांचा बोर्ड आणि दिवसभर लोकांची बोलणी. निवृत्त झाल्यावर बोर्ड गेला, हेडफोन गेला, पण कानांचा तोरा राहिला. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय, लिफ्टचा दोर घासतोय, पहिल्या मजल्यावरच्या सुनेने कपाट सरकवलंय, असं त्या खुर्चीत बसल्या बसल्या सांगत आणि ते बहुतेक वेळा खरं निघे. म्हणूनच पुढे त्यांनी फोटोग्राफरबद्दल जे सांगितलं, ते लोकांनी तपासूनही पाहिलं नाही.

फोटोग्राफर वरच्या मजल्यावर आईसोबत राहायचा. लग्नाचे फोटो काढायचा. अंगाने किडकिडीत, बोलायला हसरा, गळ्यात कायम कॅमेऱ्याचा पट्टा. त्याने ड्रोन विकत घेतला तेव्हा पहिल्याच रविवारी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. चार छोटे पंखे सूं करून फिरले, यंत्र वर गेलं आणि त्याच्या हातातल्या पडद्यावर इमारतीतली माणसं मुंग्यांएवढी दिसायला लागली. सगळ्यांनी हात हलवले. सेक्रेटरीने तर स्वतःचा वेगळा फोटो काढून घेतला. ऑपरेटरबाई एवढंच म्हणाल्या, "दिसायला बरं आहे, पण आवाज डोक्यात जातो."

तो आवाज त्यांना एका दुपारी घरात ऐकू आला. नवरा आत झोपला होता. पंप बंद, रस्ता सुस्त. बाई पेपर वाचत बसल्या होत्या आणि डाव्या बाजूने, न्हाणीघराच्या खिडकीकडून, बारीक, सलग, टोकदार सूं सुरू झालं. त्या उठल्या, खिडकीत गेल्या. बाहेर काही नव्हतं. परत येऊन बसल्या, तर आवाज होताच. झोपायच्या खोलीत गेल्या, तर तिथेही डावीकडेच. त्यांनी पडदे ओढले, कडी लावली आणि भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"मी जाईन तिथे येतो तो," संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "या खोलीतून त्या खोलीत गेले, तर त्या खिडकीशी हजर."

"कोण तो?"

"वरचा. ड्रोन घेऊन."

नवऱ्याने चष्मा पुसला आणि तो म्हणाला, "असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. बाईंनी दुपारची आंघोळ बंद केली, मग खाली जाऊन बायकांच्या कानावर घातलं. पहिल्या मजल्यावरच्या सुनेला आठवलं की केस वाळवताना तिलाही एकदा कोणीतरी बघतंय असं वाटलं होतं. समोरच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, आमची मुलगी हल्ली खिडकी उघडत नाही, आता कळलं का. आठवडा सरायच्या आत तो आवाज चार घरांत ऐकू यायला लागला.

सेक्रेटरीने फोटोग्राफरला खाली अंगणात बोलावलं. येताना ड्रोन घेऊन ये, असं बजावलं. तो बिचारा पेटीसकट आला.

"काकू, दुपारी मी कामावर असतो," तो बाईंना म्हणाला. "आणि हा एका बॅटरीवर वीसेक मिनिटं टिकतो. तुम्ही म्हणताय, तास न् तास आवाज येतो. एवढा वेळ हा हवेत राहूच शकत नाही."

"बॅटऱ्या बदलत असशील," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

सेक्रेटरीने ड्रोन पेटीतून काढून जमिनीवर ठेवला. बुटाच्या टाचेखाली त्याने एकेक पातं धरलं आणि दाबलं. प्लास्टिकचा कडकड आवाज झाला. मग कोणीतरी नळाचा लोखंडी पाइप आणून ड्रोनवर हाणायला लागलं. फोटोग्राफर पुढे झाला तेव्हा त्यातला एक फटका त्याच्या मनगटावर बसला. तो मुद्दाम मारला की चुकून लागला, ते कोणी विचारलं नाही. बाई जिन्याच्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. त्यांना बरं वाटत होतं. पुष्कळ वर्षांनी लोकांनी त्यांचं ऐकलं होतं.

पोलीस आले. कॅमेरा नेला, त्यातली मेमरी कार्डं नेली, त्यालाही नेलं. हवालदाराने बाईंच्या नवऱ्याला विचारलं, "तुम्हीही ऐकलात आवाज?"

"हो साहेब. रोज दुपारी," नवरा म्हणाला.

कार्डांमध्ये लग्नांशिवाय काही सापडलं नाही. चार दिवसांनी फोटोग्राफर सुटून आला. "पुसून टाकलं असेल," सेक्रेटरी म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं. फोटोग्राफरचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. मुलीच्या वडिलांनी फोन करून एवढंच सांगितलं की पुन्हा या नंबरवर फोन करू नका. लग्नाची कामं आटली. पोरीबाळींच्या घरात असल्या माणसाला कॅमेरा घेऊन कोण बोलावणार? कोणीतरी त्याच्या दारावर खिळ्याने खरवडून 'डोकावणारा' असं लिहिलं. त्याच्या आईने ते घासून काढायचा प्रयत्न केला, तर अक्षरं जास्तच पांढरी झाली.

त्या आईने एकदा लिफ्टमध्ये बाईंना गाठलं. हात जोडून म्हणाली, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का हो? एकदा तरी?"

"मला बघायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या पोटी काय जन्मलंय ते तुम्हाला कळत नसेल. मला ऐकू येतं."

लिफ्ट थांबली. बाई उतरल्या. म्हातारी आतच उभी राहिली आणि दार तिच्यासमोर मिटलं.

पावसाळा संपता संपता मायलेक मिळेल त्या भावात घर विकून गेले. त्यांची खालची गाडी लावायची जागा सेक्रेटरीने बाईंच्या नवऱ्याला दिली.

आवाज मात्र थांबला नाही.

"गेला ना तो?" नवरा म्हणाला. "मग आता कुठला?"

"लांबून उडवतो. सूड म्हणून," बाई म्हणाल्या. त्या जिथे जात तिथे ही गोष्ट सांगत. लग्नकार्यात, बारशात, दवाखान्याच्या बाकावर. अंगणातला प्रसंग रंगवून सांगताना त्यांच्या गालांवर लाली यायची. इमारतीतल्या बायका मात्र हळूहळू त्यांना टाळायला लागल्या. एकदा माणूस हाकलल्यावर त्याच तक्रारीत कोणाला रस उरतो?

अशी काही वर्षं गेली. नवऱ्याच्या भावाची मुलगी इंजिनियर होती. शहराबाहेरच्या एका कॉलेजात ती ड्रोनच्या छोट्या पंख्यांवर काम करायची. जेवायला आली असताना ती सहज म्हणाली, "काकू, आम्हाला ऐकणारी माणसं हवी आहेत. कानाची तयार. याल का?"

बाईंचा चेहरा उजळला. "आणखी कोणाला विचारू नकोस," त्या म्हणाल्या.

प्रयोगशाळेतली खोली अजब होती. भिंतींवर, छतावर, दाराच्या आतल्या बाजूलाही फोमच्या टोकदार पाचरी. पायाखाली तारांची जाळी आणि जाळीखालीही फोम. दार लागलं की स्वतःचा आवाज तोंडासमोरच गळून पडायचा. एका बाजूला पातळ काळा पडदा होता आणि त्यामागे स्टँडवर मोटर. मोटरीला पंखा लावायचा, फिरवायचा, तो किती वजन उचलेल एवढी हवा ढकलतो ते यंत्र मोजणार आणि किती त्रास देतो ते माणसाने सांगायचं.

"पातं हवा खाली ढकलतं म्हणून ड्रोन वर जातो," पुतणीने समजावलं. "ढकलताना टोकापाशी हवेचा भोवरा होतो, पात्याच्या मागच्या कडेवरून ती फाटत सुटते. त्याचा हा सूं. आणि प्रत्येक पातं फिरून फिरून त्याच जागी येतं, त्याची वर शिट्टी. पाती वाढवली, रुंद केली आणि हळू फिरवली की आवाज पडतो. पण फार वाढवली की पंखा जड होतो, बॅटरी लवकर संपते. गप्प करावं तेवढं उडणं कमी, अशी रड आहे. शिवाय यंत्र नुसता आवाज मोजतं. कटकट किती होते, ते माणसालाच विचारावं लागतं."

"शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. बरोबर?" बाई म्हणाल्या.

"बरोबर."

पुतणी बाहेर गेली. बाई एकट्या खुर्चीत. पडद्यामागे पहिला पंखा फिरला. "सात," त्या समोरच्या माइकमध्ये म्हणाल्या. दुसरा रुंद पात्यांचा होता. "चार. नाकात बोलल्यासारखा आहे." एका पंख्याच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते कापले होते. "दोन. हा छान आहे, कापूस पिंजल्यासारखा मऊ." स्पीकरमधून पुतणी म्हणाली, "वा काकू!" बाई सरसावून बसल्या.

मग पुढची पाळी आली. बाईंनी मान वर केली. बारीक, सलग, टोकदार.

"आठ!" त्या ओरडल्या. "हाच तो! हाच! आमच्या खिडकीशी यायचा तो हाच! कुठला पंखा आहे गं हा? मला त्याचा नंबर लिहून दे."

स्पीकरचं बटण बाहेर दाबलेलंच राहिलं होतं. एक पुरुषी आवाज ऐकू आला, "आठ म्हणे! विचार तरी, कुठल्या कंपनीचा आहे," आणि दोघंतिघं खुदखुदली. मग पुतणी म्हणाली, "गप्प बस रे. काकू, एकदा परत ऐका."

"आठ."

"आता?"

"अगं आठच! किती वेळा विचारशील?"

जड दार उघडलं. पुतणी आत आली आणि तिने काळा पडदा बाजूला केला. स्टँडवर मोटर होती. मोटरीवर पंखा नव्हता. नुसता उघडा दांडा, न फिरणारा.

"मधूनच एखादी पाळी रिकामी ठेवतो," पुतणी म्हणाली. "ऐकणारा उगीच आकडे ठोकत नाही ना, ते बघायला."

"पण वाजतंय ना."

"काय वाजतंय, काकू?"

बाईंनी मान फिरवली. आवाज मानेबरोबर फिरला. त्यांनी डावा कान तळहाताने घट्ट दाबला. बाहेरचा आवाज असता तर कमी झाला असता. तो वाढला. तो तळहाताच्या आत, हाडाच्या आत, त्यांच्याच डोक्यात होता आणि कधीच कुठल्या खिडकीशी नव्हता.

पुतणी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं.

"काकू... तो फोटोग्राफर."

"गप्प बस."

"माझ्या लग्नात तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. पंगतीत. सगळे हसत होते. मीसुद्धा."

"गप्प बस म्हणते ना!"

पुतणीने पडदा सोडला. "मी रिक्षा बोलावते," ती म्हणाली. आणि दाराशी थांबून म्हणाली, "आजचे तुमचे सगळे आकडे मला बाद करावे लागतील."

कानाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षांच्या हेडफोनला दोष दिला. कानातली नस थकली की असं वाजतं, म्हणाला. घरात शांतता झाली की जास्त जाणवतं. यावर इलाज नाही, लक्ष देऊ नका.

घरी नवरा नखं कापत बसला होता. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुम्हाला तो आवाज ऐकू यायचा?"

"कुठला?"

"पोलिसांना सांगितलात तो."

नवऱ्याने करंगळीचं नख कापलं, उचलून कागदावर ठेवलं. "नाही. कधीच नाही."

"मग हो का म्हणालात?"

"तू मला दुपारी डोळा लावू देत नव्हतीस. म्हटलं, एकदाचं हो म्हणावं म्हणजे संपेल."

"त्या पोराचं वाटोळं झालं!"

"ते तू केलंस. मी नुसती मान हलवली," तो शांतपणे म्हणाला. "आणि गाडीला जागा मिळाली तेव्हा नको म्हणाली होतीस का?"

बाईंनी कागदावरची नखं त्याच्या अंगावर फेकली. त्याने ती एकेक करून शर्टावरून वेचली.

फोटोग्राफरचा पत्ता काढायला बाईंना वेळ लागला. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एका झेरॉक्सच्या दुकानात मागच्या खोलीत पासपोर्टचे फोटो काढायचा. बाई गेल्या तेव्हा दुकानात गर्दी होती. काउंटरवरच्या माणसाला वाटलं फोटोच काढायचाय. त्याने त्यांना आत पाठवलं आणि बाई स्टुलावर जाऊन बसल्या.

फोटोग्राफरने मान वर करून पाहिलं. ओळखलं. केस पातळ झाले होते त्याचे. उजवं मनगट किंचित वाकडं जुळलं होतं.

"चष्मा काढा," तो म्हणाला. "हनुवटी थोडी खाली."

फ्लॅश उडाला. मगच बाईंना बोलता आलं. त्यांनी सगळं सांगितलं. खोली, पडदा, पंखा नसलेली मोटर, डॉक्टर. तो कॅमेऱ्यामागे उभा राहून ऐकत होता.

"आत्ता येतोय ऐकू?" त्याने विचारलं.

"येतोय."

"जन्मभर राहणार?"

"हो म्हणतात."

"छान," तो म्हणाला.

बाई रडायला लागल्या. त्याने टिश्यूचा डबा पुढे केला नाही. "मी इमारतीत सगळ्यांना सांगते," त्या म्हणाल्या. "सेक्रेटरीला, पोलिसांना, त्या मुलीच्या वडिलांना."

"तिला दोन मुलं आहेत आता. आणि ते सेक्रेटरी काय करणार? पाती जोडून देणार?" तो पहिल्यांदाच हसला. ते हसू बघवत नव्हतं. मग बराच वेळ त्याने लेन्सचं झाकण लावलं, काढलं. "एक करा. माझ्या आईला येऊन सांगा. चौकीतून सुटलो त्या दिवशी तिने मला एकदा विचारलं होतं, खरं सांग म्हणून. एकदाच. मी नाही म्हटलं, तिने मान हलवली, विषय संपला. तरी तुमच्या तोंडून ऐकू दे तिला."

ते दोघं राहायचे ती एकच खोली होती. मध्ये दोरीवर चादर टाकून दोन भाग केलेले. म्हातारी पलंगावर बसून शर्टाची बटणं लावत होती. फोटोग्राफर बाईंना दारात सोडून चादरीपलीकडे गेला, गॅसपाशी. भांड्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही.

बाईंनी खाली जमिनीवर बसून सगळं पुन्हा सांगितलं. म्हातारीची सुई थांबली.

"म्हणजे त्याने काहीच केलं नव्हतं?"

"नाही. काहीच नाही."

"एकदाही नाही?"

"नाही हो. मी पाया पडते तुमच्या."

म्हातारीने पाय वर ओढून घेतले. "कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "मी त्याला माफ करून बसले होते. म्हटलं, लग्न न झालेला पोर, चुकला असेल. माझा आहे, पदरात घेतला. इतकी वर्षं मी त्याला जेवायला वाढते ते माफ करून वाढते. बहिणीच्या पोरी घरी यायच्या म्हणाल्या, तर मी येऊ नका म्हटलं. घराला दुसरी खोली नाही, असं सांगितलं त्यांना. म्हटलं, याच्या नजरेला नकोत." तिचा आवाज चढला. "आता माझं काय? मला कोण माफ करणार?"

चादर हलली. फोटोग्राफर बाहेर आला. त्याने आईकडे पाहिलं.

"मावशीच्या मुली," तो म्हणाला. "मला वाटलं त्याच टाळतायत."

"अरे, मी..."

"उठा," तो बाईंना म्हणाला. दंडाला धरून त्याने त्यांना उठवलं, बाहेर काढलं आणि दार लावलं. आतून कोणाचंच बोलणं ऐकू आलं नाही. बाई जिन्यात पुष्कळ वेळ थांबल्या. ऐकायला त्यांच्याकडे फक्त त्यांचा स्वतःचा आवाज होता.

इमारतीच्या सभेत त्यांनी हे बोलायचा प्रयत्न केला. सेक्रेटरी म्हणाला, "बाई, जुनं कशाला उकरताय? आणि आवाज फक्त तुम्हालाच का यायचा? चार घरांना यायचा." पहिल्या मजल्यावरची सून म्हणाली, मला तर अजून आठवतो. समोरच्या मावशींनी कपाळापाशी बोट फिरवून शेजारणीला खूण केली. मग पाण्याच्या टाकीचा विषय निघाला.

फोटोग्राफर त्या खोलीत फार दिवस राहिला नाही. त्याने दुकानाच्या मागेच पथारी टाकली. आईला खर्चापाणी पाठवायचा, दाराशी यायचा, पिशवी ठेवायचा. आत पाऊल टाकत नसे. तिच्याशी बोलत नसे.

हे बाईंना कळलं ते एका सकाळी. दाराची बेल वाजली. नवरा पेपर आणायला खाली गेला होता. बाईंनी दाराच्या भोकातून पाहिलं. बाहेर म्हातारी उभी होती. लिफ्ट बंद असावी, तिला धाप लागली होती. हातात पिशवी होती आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"बाई," ती दाराला तोंड लावून म्हणाली, "मी थोडा वेळ बसू का तुमच्याकडे? तो बोलत नाही हो माझ्याशी. कोणाकडे जाऊ? झालं काय ते तुम्हालाच तेवढं माहीत आहे."

बाईंनी कडीवर हात ठेवला. भोकातून म्हातारीचा डोळा मोठा, पाणावलेला दिसत होता. समोरच्या मावशींचं दार किलकिलं झालेलं होतं.

बेल पुन्हा वाजली. बाईंनी कडीवरून हात काढून घेतला. श्वास रोखून, चप्पल न वाजवता त्या एक पाऊल मागे सरकल्या आणि म्हातारी जिना उतरून जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.